कर्र वाजलं तर निघतोय

जुन्या जीपच्या डाव्या पुढच्या चाकाचा नट मी घट्ट करत होतो आणि मला वाटत होतं की मी तो सोडवतोय.

पान्याला चार फुटी जीआय पाइप लावलेला, पाइपच्या टोकावर मी अक्षरशः उभा, आणि बाजूला मुलगा मोबाइलवर शूटिंग करतोय. आधी काहीच हललं नाही. मग नट एकदम पाव फेरा फिरला. मी ओरडलो, "सुटला!" पुढचा पाव फेरा तर लोण्यात सुरी जावी तसा गेला. आणि मग खट्. मी पाइपासकट फरशीवर, नट पान्यात, आणि नटात स्टडचा, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या आट्याच्या दांड्याचा, तुकडा. तो व्हिडिओ आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर अजून फिरतो.

जीप मामाची. देवगडला त्याची हापूसची कलमं होती आणि आंब्याच्या पेट्या बागेतून रस्त्यापर्यंत आणायला ही महिंद्राची पेट्रोल जीप, सीजे-३बी, उंच बॉनेटची, जुन्या तीन अक्षरी नंबरची. मामा गेला आणि जीप मांगराच्या पडवीत उभी राहिली ती चौदा पावसाळे. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर. दरवर्षी कुणीतरी मामीकडे ती भंगारात मागायचं. शेवटी तिनंच फोन केला, "न्हे रे बाबा, हयसर ती गंजान संपतली." टेम्पोत चढवून फोंडा घाटातून, राधानगरीवरून कोल्हापूरला आणली. उतरवताना सायलेन्सरचा पाइप आपला आपणच गळून पडला. तेव्हाच अंदाज यायला हवा होता.

मी साखर कारखान्यात अकाउंटला. पान्याशी संबंध स्कूटरचा प्लग काढण्यापुरता. पण इंजिन आणि गिअरबॉक्सचं काम मिस्त्रीला द्यायचं आणि खोलाखोली मात्र घरी करायची, असं मी ठरवलं होतं. खोलण्यात काय असतं, नट उलटा फिरवायचा, झालं.

पडल्याचा आवाज ऐकून तात्या आले. तात्या आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षं फिटर आणि टर्नर म्हणून काढलेला माणूस, आता घरीच असतात. मला लागलं का हे त्यांनी विचारलं नाही. ते थेट चाकापाशी बसले, फडकं रॉकेलमध्ये बुडवून उरलेल्या चार स्टडांची तोंडं पुसली आणि म्हणाले, "वाच."

गंजाच्या खाली एक बारीक अक्षर ठोकलेलं होतं. एल.

"यल म्हंजे काय?"

"लेफ्ट?"

"लेफ्टच. ह्या गाडीच्या डाव्या अंगाच्या चाकांना उलटा आटा असतोय. अर्धा तास आवळत बसलायस की रं त्याला."

विलीज जीपची ही जुनी पद्धत. चाक पुढे फिरत राहिलं की डावीकडचे नट ढिले पडू पाहतात, अशा धास्तीनं डाव्या चाकांना उलट्या आट्याचे स्टड दिलेले. महिंद्रानं 1947 मध्ये विलीजच्याच जीपा जोडायला सुरुवात केली, त्यामुळे अमेरिकेतल्या सगळ्या खोडी या गाडीबरोबर इकडे आल्या. पुढे अनेकांनी वैतागून चारही चाकांना सरळ आट्याचे स्टड बसवून घेतले. मामानं घेतले नव्हते. मामा पंक्चरवाल्याला आधी चहा पाजून मगच चाकाला हात लावू द्यायचा, त्याचं कारण मला आता कळलं.

मग तात्यांनी जो प्रश्न विचारला, तो मला पुढचे चार महिने पुरला.

"तुटायच्या आदी हाताला कसा लागला?"

"मऊ."

"आनि आवाज?"

"नाही आला."

"मग तितंच थांबायचं हुतं. कर्र वाजलं तर निघतोय. मऊ लागलं तर तुटतोय."

एवढं बोलून ते चहाला गेले. मला वाटलं, कोल्हापुरी फेकाफेक असेल. पण विचार केला तर त्यात तथ्य आहे. गंजानं धरलेला आटा सुटतो तेव्हा गंजाचा थर फुटतो, घासतो, म्हणून किंचाळतो. उलट बोल्ट ताणाखाली लांबायला लागला, पिळायला लागला, की आवाज करत नाही. पोलादाची सहनशक्ती संपली की ते हाताला अचानक सोपं लागतं. माणसाला तेच यश वाटतं. मी "सुटला" ओरडलो तेव्हा स्टड पिळून लांब होत होता.

उरलेले चार नट योग्य बाजूला फिरवले. चारही कर्र करून सुटले. पाइपसुद्धा लागला नाही.

पुढची फजिती मापाची. घरात पान्यांचा सेट होता, पण मिलिमीटरचा. जीप सगळी इंचात. उद्यमनगरातली जुनी मंडळी अजून सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे इंच, म्हणून तीन अष्टमांश इंची बोल्ट म्हणजे तीन सुती. त्याच्या नटाला पाना लागतो नऊ-सोळांश इंचाचा, म्हणजे 14.29 मिलिमीटर. चौदाचा पाना बसत नाही. पंधराचा बसतो, थोडा खुळखुळतो, पण बसतो. मी पंधराचा लावला आणि फ्लोअरच्या दोन बोल्टांची डोकी लिंबासारखी गोल करून ठेवली. तात्यांनी ती पाहिली आणि नुसतं "हं" म्हणाले. त्या "हं"पेक्षा शिवी बरी.

दुसऱ्या दिवशी इंची गोट्यांचा, म्हणजे सॉकेटांचा, जुना सेट मिळवला, तोही सहा कोनी. बारा कोनी गोटी पटकन बसते, पण ती नटाला कोपऱ्यांशी धरते, आणि गंजलेल्या नटाचे कोपरेच तर आधी झिजलेले असतात. सहा कोनी गोटी नटाला सपाट बाजूंवर धरते. ज्यांना जुनी गाडी खोलायची आहे त्यांनी दुसरं काही घ्यायच्या आधी ही गोष्ट घ्यावी, असं मी कुणालाही सांगेन. कुणी विचारत नाही ते सोडा.

तेलाबद्दल घरात दोन पक्ष पडले. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. त्यानं कुठूनतरी पाहून गिअरचं एटीएफ तेल आणि अॅसिटोन निम्मं निम्मं मिसळून बाटली आणली. तात्यांचा पक्ष रॉकेलचा, आणि रॉकेल मिळणं आता अवघड, म्हणून डिझेलचा. मी दोन्ही वापरून पाहिलं. मुलाचं मिश्रण खरंच जास्त आत शिरतं, पण ते एकजीव राहत नाही, प्रत्येक वेळी बाटली हलवावी लागते. शिवाय अॅसिटोन भुर्रकन उडून जातं आणि पेटतंही तसंच. तेलापेक्षा महत्त्वाचं निघालं ते थांबणं. रात्री तेल सोडायचं, बोल्टाच्या डोक्यावर पंच धरून सरळ चार ठोके द्यायचे, सकाळी पुन्हा तेल, पुन्हा ठोके, आणि मग संध्याकाळी पाना. ठोक्यानं गंजाला बारीक तडे जातात आणि त्या तड्यांतून तेल आत उतरतं. लोखंडाचा गंज होतो तेव्हा तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो. म्हणजे आट्यांच्या फटीत पाचर ठोकल्यासारखी अवस्था असते, आणि पाचरीवर नुसतं तेल ओतून ती सुटत नाही.

आणि फिरवायचं ते एकाच बाजूला नाही. तात्या म्हणाले, आधी किंचित आवळ. माझा विश्वास बसेना, चाकाच्या प्रकरणानंतर तर नाहीच. पण आवळताना बारीकसा कर्र आला की गंजाची पकड फुटली असं समजायचं. मग पाव फेरा सोडायचा, थोडा मागे घ्यायचा, तेल द्यायचं, पुन्हा सोडायचा. भोकात आटे पाडायला टॅप मारताना हात जसा पुढे-मागे चालतो तसा. बॉडीच्या एका बोल्टाला मी असा तास घालवला. बायको वरून विचारत होती, "एकच बोल्ट?" हो, एकच.

सगळ्यांना असा मान द्यायचा नसतो हेही शिकलो. पाट्यांचे, म्हणजे गाडीखालच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे, यू-बोल्ट काढायला मी दोन संध्याकाळी तेल-ठोके केले. तात्यांनी येऊन ग्राइंडर मागितला आणि दहा मिनिटांत आठही कापून टाकले. ताणून बसलेला यू-बोल्ट परत वापरायचाच नसतो, मग त्याचे आटे वाचवून काय लोणचं घालायचंय? तेच फ्लोअरखालच्या बोल्टांचं. तिथे आतला नट पत्र्याच्या खोबणीत बसवलेला असतो. खोबण गंजली की वर डोकं फिरतं, आत नटही फिरतो, आणि आपण जत्रेतल्या पाळण्यासारखं फिरवत बसतो. डोकं कापायचं आणि मोकळं व्हायचं. बोल्टाच्या पलीकडे महागाचं काही असेल, इंजिनाचं धड म्हणजे ब्लॉक, त्यावरचं झाकण म्हणजे हेड, चाकाचं हब, तरच हात जोडायचे. पलीकडे नुसताच पत्रा असेल तर ग्राइंडर.

काचेच्या फ्रेमचे बिजागरीचे स्क्रू मात्र वाचवायचे होते. ही फ्रेम पुढे बॉनेटवर आडवी पडते, तीच तर या जीपची ऐट. तिथे हातोडीनं ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर कामी आला. मूठ धरायची, मागून हातोडी मारायची, ठोक्याबरोबर टोक स्क्रूच्या खाचेत दाबलं जातं आणि त्याच क्षणी थोडं फिरतं. अकरा स्क्रू निघाले. बारावा निघाला नाही, त्याचं मला दुःखही झालं नाही.

आता खरं प्रकरण.

सीजे-३बीचं बॉनेट उंच आहे ते तिच्या इंजिनामुळे. हरिकेन नावाचं 2.2 लिटरचं इंजिन, आणि त्याची रचना विचित्र. पेट्रोल-हवा आत घेणारे व्हॉल्व वर हेडमध्ये, आणि धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे धूर गोळा करून पाइपात सोडणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडला नाही, थेट ब्लॉकला लागतो. दुसऱ्या एखाद्या गाडीत मॅनिफोल्डचा स्टड तुटला तर हेड काढून काखेत मारून टर्नरकडे नेता येतं. इथे स्टड तुटला की अख्खा ब्लॉकच उचला. आणि मॅनिफोल्डला मध्येच चीर गेलेली, म्हणजे काढणं भाग.

पाच नट, तीन सुती. पन्नास वर्षं लालभडक तापून थंड झालेले, आणि वर चौदा वर्षं खारं वारं. नट कुठे संपतो आणि स्टड कुठे सुरू होतो हेही ओळखू येत नव्हतं. वायर ब्रश मारला तर नट बारीक होत चालला.

तात्या म्हणाले, इथे तेलाची भाषा कळणार नाही. आग लागेल.

आगीआधी टाकी. या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटच्या बरोबर खाली असते. चौदा वर्षांत त्यातल्या पेट्रोलचं वार्निश झालं होतं, पण रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, आत वाफ असते. टाकी काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. बॅटरी नव्हतीच. मुलानं आदल्या रात्री त्याच्या बाटलीतलं मिश्रण इंजिनावर सढळ हातानं शिंपडलं होतं, ते सगळं पुसून काढायला लावलं आणि दिवसभर वाळू दिलं. ओलं पोतं आणि पाण्याची बादली हाताशी. तात्या या बाबतीत अगदी सोवळं पाळतात. त्यांच्या डाव्या हाताच्या पाठीवर एक जुना गुळगुळीत डाग आहे. तो कसा पडला हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

गॅसची बत्ती त्यांनी स्वतः धरली. तापवायचा तो नट, स्टड नाही. नट तापला की फुगतो, त्याचं भोक मोठं होतं, आणि आतला स्टड त्या मानानं थंड राहिला तरच फट पडते. म्हणून ज्योत बारीक, नटाच्या एका बाजूनं, घाईनं. नट शेंदरी झाला की बत्ती बाजूला, आणि तात्यांनी खिशातून काढली ती मेणबत्ती. साधी, दिवे जातात तेव्हा लावतो ती. नट थोडा काळा पडू दिला आणि मेणबत्तीचं टोक आट्यांच्या तोंडाशी टेकवलं. मेण पाण्यासारखं होऊन आत ओढलं गेलं, चर्र झालं, धूर आला, देवघरासारखा वास सुटला.

"लाव आता. धसमुसळंपना न्हाई."

गोटी लावली, किंचित आवळलं. कर्र. माझ्या अंगावर काटा आला. पाव फेरा सोडला, मागे घेतला, पुन्हा मेण. पहिला नट वीस मिनिटांत हातात. दुसरा निघाला तो नट नव्हे, नटासकट अख्खा स्टडच ब्लॉकमधून फिरून बाहेर आला, जे खरं तर त्याहून बरं. तिसरा पहिल्यासारखा.

चौथ्याला मऊ लागलं.

मी थांबलो. खरंच थांबलो. हातातली गोटी तशीच, आणि तात्यांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. पुन्हा तापवला, आणि या वेळी नट पूर्ण गार होऊ दिला, हात लावता येईल इतका. तापणं-गार होणं असं तीनदा. चौथ्या वेळी कर्र वाजला. त्या दिवशी मला पगारवाढ झाल्यापेक्षा जास्त आनंद झाला असेल.

आणि म्हणूनच पाचव्याचा राग जास्त येतो. पाचवा सगळ्यात मागे, फायरवॉलकडचा. अंधार पडत आलेला, तात्यांना घरून बोलावणं आलं, ते जाताना म्हणाले, "उद्या बघू त्याला." मी उद्यापर्यंत थांबलो नाही. चार निघालेत, आता मला येतंय, असं वाटलं. हातात बत्ती नव्हती, तरी मेण गेलंय आत, बघू तर खरं. मऊ लागलं. मला कळलं की मऊ लागलंय. डोक्यानं थांब म्हटलं, पण हात अर्धा सेकंद पुढे गेला.

ब्लॉकच्या तोंडाशी सपाट तुटला. धरायला दोरा नाही.

रात्री झोप लागली नाही. मुलानं धीर दिला, ईझी आउट आणू. हे उलट्या पिळाचं कडक पोलादाचं टोक असतं. तुटलेल्या स्टडला मधोमध भोक पाडायचं, त्यात हे उलट फिरवत घुसवायचं, ते रुततं आणि स्टडला घेऊन बाहेर येतं. बाजारात पाच नगांचा सेट लगेच मिळाला. सकाळी तात्या यायच्या आत आम्ही बापलेकांनी कार्यक्रम उरकायचा ठरवला. भोक पाडलं, ते मध्यापासून जरा सरकलं. ईझी आउट घातला, फिरवला. टिक्. एवढाच आवाज. कर्र नाही, मऊही नाही. काचेची बांगडी फुटावी तसा तो आतच तुटला.

यापेक्षा वाईट अवस्था त्या भोकाची होऊ शकत नाही. स्टड साधं पोलाद होता, ड्रिलनं कापला गेला असता. आता मध्ये ड्रिलपेक्षा कडक खुंटा. विचार केला तर चूक सरळ आहे. ज्या स्टडला तीन सुती जाडीचा असताना फिरणं जमलं नाही, त्याला आतून पोखरून, त्याहून बारीक आणि ठिसूळ टोकानं फिरवायला निघालो होतो. गंज तर होता तिथेच, आम्ही त्याला काहीच केलं नव्हतं.

तात्या आले, वाकले, बॅटरी मारून आत पाहिलं. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"नाव ईझी, आनि औट आपुन," शेवटी म्हणाले.

कारखान्यातल्या एका ओळखीच्या इंजिनियरनं सुचवलं, ब्लॉक काढून टूलरूममध्ये न्या, स्पार्क इरोजनच्या मशीनवर ठिणग्यांनी तो खुंटा जाळून काढतात. उपाय पक्का आहे, पण त्यासाठी इंजिन उतरवून पूर्ण रिकामं करायचं. तात्या म्हणाले, तो मार्ग आहेच, कुठं पळून जात नाही. आधी माझं बघू.

पहिले दोन तास नुसता खुंटा फोडण्यात गेले. कडक असतं ते ठिसूळ असतं, याचा फायदा घ्यायचा. सुईसारखा पंच, छोटी हातोडी, डोळ्याला चष्मा, आणि एकेक कपची. कपच्या चिमट्यानं आणि चुंबकानं काढायच्या. तळाशी राहिलेला तुकडा कार्बाइडच्या बारीक बरनं, म्हणजे फिरत्या घासणीच्या टोकानं, घासला. मग वेल्डिंगवाला बोलावला. उद्यमनगरातलाच, तात्यांचा एकेकाळचा हेल्पर. त्याचंही वय साठीला आलेलं, पण तात्यांपुढे अजून उभाच.

पद्धत ऐकायला वेडेपणाची आहे. तुटलेल्या स्टडावर, आम्ही पाडलेल्या भोकातच, अडीच मिलिमीटरच्या रॉडनं थेंब थेंब वेल्ड भरत वर आणायचं. ते ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा थोडं वर आलं की त्यावर एक मोठा नट ठेवायचा आणि नटाच्या भोकातून वेल्ड करून त्याला स्टडाशी एकजीव करायचं. ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. साध्या पोलादी रॉडचं वेल्ड बिडाला सहजासहजी धरत नाही, स्टडाला मात्र धरतं, म्हणून हे जमतं. हात स्थिर हवा आणि थेंब मधोमध पडायला हवा. पण नट चिकटवणं हे निमित्त झालं. खरं काम उष्णता करते. स्टड आतून पांढरा होईतो तापतो, फुगायला बघतो, भोवती बिडाची भिंत, जागा नाही, मग स्वतःच चेपला जातो. आणि गार झाला की पहिल्यापेक्षा बारीक झालेला असतो. गंजाची पकड तिथे फुटते. नट तापवून आपण जे करतो, त्याच्या बरोबर उलट.

पहिला नट वेल्डातून तुटला. दुसराही. वेल्डर माझ्याकडे बघेना, तात्यांकडे बघत होता. तात्या म्हणाले, "तुटूंदे. परत्येक येळी आत तापतोय न्हवं का." तिसरा नट लावल्यावर कुणी कुणाला हात लावू दिला नाही. चहा झाला, दुसरा चहा झाला. वेल्डरनं पंढरपूरच्या वारीत ट्रकचा एक्सल तुटला तेव्हाची गोष्ट सांगितली, ती बरीच लांब होती. नट हाताला जेमतेम सोसेल इतका गरम उरला तेव्हा मेणबत्ती टेकवली. मेण वितळलं, पण सावकाश.

तात्यांनी पाना माझ्या हातात दिला. मी नको म्हणत होतो.

आधी आवळलं, केसभर. काही नाही. सोडवायला जोर दिला. हाताला काय लागतंय तेवढंच बघत होतो. मऊ लागेना. ताठ होतं, दगडासारखं. थोडा जोर. आणि मग कर्र. गल्लीतलं कुत्रं उठलं इतका मोठा. वेल्डर हसायला लागला. पुढे-मागे, पुढे-मागे, मेण, पुन्हा. दीड तासानं तो सबंध तुकडा बाहेर आला, डोक्यावर वेल्डचा गोळा आणि नट, खाली सहा-सात आटे, मध्ये आमच्या वाकड्या भोकाची खूण. एका बाजूला भोक आट्यांच्या इतकं जवळ गेलेलं की आणखी दोन मिनिटं ड्रिल चाललं असतं तर ब्लॉकचे आटेच खाल्ले असते.

आटे साफ करायला टॅप. ब्लॉकमधलं टोक मोठ्या आट्याचं असतं, इंचाला सोळा. बीड ठिसूळ, त्यात बारीक आटे टिकत नाहीत म्हणून. नटाच्या बाजूचं टोक बारीक आट्याचं, इंचाला चोवीस. मी दुकानातून चोवीसचा टॅप आणला होता, तात्यांनी तो नुसता डोळ्यांनी ओळखून बाजूला ठेवला. योग्य टॅप हातानं, तेल लावून, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. काळं पीठ निघत राहिलं. चार भोकं ठणठणीत. पाचव्याचे बाहेरचे दोन आटे गेलेले, आतले शाबूत. आटे पूर्ण गेले असते तर मोठं भोक पाडून हेलिकॉइलची गुंडाळी बसवावी लागली असती. त्याची वेळ आली नाही.

नवे स्टड तात्यांच्याच जुन्या मालकाच्या वर्कशॉपमधून वळवून आणले, आणि नट पितळी. लांब, जाड, पिवळेधमक. पितळ गंजत नाही आणि पोलादी स्टडाशी तसं जुंपतही नाही. जुने लोक एक्झॉस्टला पितळीच नट लावायचे, पुढे स्वस्ताईच्या नादात ते गेले. आट्यांना कॉपर ग्रीसचा पातळ हात. टॉर्क पान्यानं आवळले, तीस फूट-पाउंडांच्या आत, मधल्यापासून बाहेरच्या बाजूला. पितळ आहे, लाडानं घ्यायचं. तुटलेला स्टड नटासकट तात्यांनी खिशात घातला. मला हवा होता, पण मागायची हिंमत झाली नाही.

डाव्या पुढच्या हबला नवा स्टड बसवलाय, उलट्या आट्याचाच. लेथवाल्यानं दोनदा फोन करून खात्री केली. हबच्या आतून पांढऱ्या रंगानं मोठा बाण काढलाय आणि लिहिलंय, उलटा.

आता पाट्यांचे शॅकल, म्हणजे त्यांची टोकं गाडीला जोडणाऱ्या कड्या, राहिलेत. त्यांत आट्याची बुशं असतात आणि त्यांतली काही सरळ, काही उलट्या आट्याची. कुठली कुठली, ते गंजाखाली आहे. पाइप मी मुलाच्या खोलीत पलंगामागे ठेवून दिलाय. रविवारी तात्या येतील तेव्हा आधी रॉकेलचं फडकं, मग बत्ती, मग बाकीचं.